अंगठ्याखालचं बोलणं

इत्सुको कागेयामा टाइप करायला बसली की डोळे मिटून घ्यायची. छापखान्यात मी नवीन लागले तेव्हा मला तिच्याच शेजारची खुर्ची मिळाली होती, आणि पहिल्या दिवशी मला खरंच वाटलं की ही बाई बसल्या बसल्या झोपली. हात मात्र चालू होते. कानाला टेपचं यंत्र लावलेलं, मान जराशी कललेली, आणि बोटं अशी चाललेली की जणू ती पाण्यात हात बुडवून काहीतरी चाचपते आहे.

आमच्या मात्सुए शहरात तेव्हा नवे वर्ड प्रोसेसर आले होते. आमच्या जपानी लिहिण्यात शब्दाशब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, मग तो लांबलचक स्पेसबार हवा कशाला? ह्या यंत्रांवर तो मधोमध कापून त्याची दोन बटणं केली होती, एक डाव्या अंगठ्याचं आणि एक उजव्या अंगठ्याचं. वरच्या बटणांवर दोन-दोन अक्षरं. बोट एकटं पडलं तर एक अक्षर, त्याच हाताचा अंगठा बरोबरीनं पडला तर दुसरं. आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मदतीला आला तर ‘क’चा ‘ग’ व्हायचा, ‘त’चा ‘द’ व्हायचा. एका ठोक्याला एक उच्चार. तोंडातून जितके सुटतील तितकेच.

मला सुरुवातीला ते जमेना. अंगठा मागे राहायचा आणि भलतंच अक्षर उमटायचं.

“बटणांकडे बघू नकोस,” इत्सुको म्हणाली. “बोलताना जीभ कुठे टेकते हे बघतेस का?”

“जीभ तोंडातच असते, इत्सुको-सान.”

“अंगठेही तुझेच आहेत, हारुए-चान. कुणाकडून उसने आणलेले नाहीत.”

गेन्झो आमच्याकडे आला तो शिंपलेवाल्यांच्या सहकारी संस्थेची सूचना छापून घ्यायला. शहरालगतच्या सरोवरात होडी घालून, लांब दांड्याच्या दाताळ्यानं तळाच्या शिंपल्या ओढायच्या, हा त्याचा धंदा. पाण्यावरून हाका मारायची सवय असल्यामुळे तो खोलीतही पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं बोलायचा. इत्सुकोसमोर उभा राहून त्यानं सगळी सूचना तोंडी सांगितली, काठच्या लव्हाळ्याची कापणी कधी आहे, होड्या कुठून हलवायच्या, वगैरे. मग घाम पुसला आणि म्हणाला, “हं, आता सुरू करा.”

“झालं की,” इत्सुको म्हणाली.

“काय झालं?”

“तुम्ही म्हणालात ते. शेवटचं ‘हं, आता सुरू करा’सुद्धा.”

त्यानं कागद वाचला. खरंच होतं. तो कागद त्यानं तसाच, ती शेवटची ओळ न खोडता, संस्थेच्या फळ्यावर लावला म्हणे.

त्यानंतर संस्थेला एकाएकी फार सूचना द्याव्याशा वाटू लागल्या. कुणाची तरी टोपी सापडली आहे. बगळ्यांना मासे घालू नयेत. एकदा तर त्यानं सांगितलं, “लिहा. सरोवरावर धुकं पडतं, सगळ्यांनी जपून राहावं.”

इत्सुकोनं पहिल्यांदाच हात थांबवले. “हे तुमच्या लोकांना सांगायला हवं?”

“नको. पण तुम्हाला सांगायला हवं. कधी होडीतून यायचं झालं तर.”

“मी कशाला येते होडीत? मला पाण्याची भीती वाटते. पोहताही येत नाही.”

“मग काठावर राहा,” गेन्झो म्हणाला. “माझं घर काठावरच आहे.”

आम्ही सगळ्या मुलींनी माना खाली घातल्या. कुणाच्याच यंत्राचा आवाज येत नव्हता.

लग्न झालं. त्या घराची मागची खिडकी उघडली की सरोवर सरळ आत येतं. सकाळी ते दुधासारखं असतं, संध्याकाळी तांब्यासारखं. इत्सुको रोज खिडकीतून गेन्झोची होडी जाताना बघायची, पण तिनं स्वतः होडीत पाऊल ठेवलं नाही. छापखान्यात पुढे साधे कॉम्प्युटर आले. त्यांच्यावर रोमन अक्षरं जुळवून एकेक उच्चार बनवायचा असतो. आम्ही निमूटपणे ते शिकलो. इत्सुकोनं नोकरी सोडली, अंगठ्याचे दोन कीबोर्ड घरी आणले आणि टेपवरचं उतरवून देण्याचं काम घेतलं. कुणाची व्याख्यानं असायची, कुणा म्हाताऱ्याच्या आठवणी, कधी कुठल्या गावची भात लावतानाची गाणी. मी माझ्या वडिलांचं मिठाईचं दुकान चालवायला घेतलं आणि दुपारच्या माच्चा चहाला काहीतरी गोड घेऊन तिच्याकडे जाऊ लागले. ती म्हणायची, “रोमन अक्षरांत लिहायचं म्हणजे कुणी बोलत असताना मधे दुभाषा बसवायचा. मला तो नको.”

गेन्झोचा आवाज आधी बसला, मग घोगरा झाला. ओरडून ओरडून झालं असेल असं सगळे म्हणाले, तोही म्हणाला. इस्पितळात गेला तेव्हा डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली. हिवाळ्यात शस्त्रक्रिया झाली आणि स्वरयंत्र काढून टाकलं. तो घरी आला तो गळ्याच्या तळाशी एक भोक घेऊन. त्यातूनच तो आता श्वास घ्यायचा. त्याच्यावर इत्सुकोनं शिवलेला पांढरा रुमाल असायचा.

इस्पितळानं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. गेन्झोनं ते एकदाच लावलं. त्यातून आवाज आला आणि त्यानं स्वतःच मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून. मग ते कपाटात गेलं. पाटी होती, तिच्यावर तो लिहायचा. ‘चहा’. ‘नको’. ‘खिडकी’. एवढं बोलणारा माणूस, आणि दिवसाला इतकेच शब्द. होडी काठाला उलटी पडलेली. मी गेले की तो मान लववायचा आणि पुन्हा पाण्याकडे बघायचा.

एका दुपारी मी तिथेच होते. इत्सुको एका म्हाताऱ्या शिंपलेवालीची टेप उतरवत होती. म्हातारी एका वाऱ्याचं नाव घेत होती आणि ते काही केल्या लागत नव्हतं. इत्सुको टेप मागे घ्यायची, ऐकायची, पुन्हा मागे घ्यायची. गेन्झो खिडकीशी चुळबुळ करू लागला. त्याला तो वारा माहीत होता. त्यानं हातवारे केले. पाटी दुसऱ्या खोलीत राहिली होती. शेवटी तो तरातरा आला, बायकोच्या खांद्यावरून वाकला, आणि एका जाड बोटानं बटणं शोधू लागला.

उमटलं ते काहीच्या बाही. त्यानं अंगठा आपटला. दोन्ही अंगठ्यांची बटणं एकदम दाबली गेली आणि यंत्र पीं करून रडलं. मला हसू आलं. इत्सुको हसली नाही. ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, “अहो, बसा इथे.”

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. अडचण त्याच्या अंगठ्याची होती. वर्षानुवर्षं दाताळं ओढून तो चमच्यासारखा पसरट झाला होता, डाव्या बटणावर ठेवला तरी उजव्यावर सांडायचा. तेव्हा इत्सुकोनं हेइसाकुला बोलावलं. हेइसाकु गेन्झोचा लहानपणापासूनचा मित्र. शिंपल्या काढायचा आणि उरलेल्या वेळात होड्या दुरुस्त करायचा.

“होड्यांवरून बटणांवर आणलंत मला!” तो म्हणाला. “उद्या लाकडी दात कोरून मागाल.”

पण त्यानं चेरीच्या लाकडाच्या दोन टोप्या करून आणल्या. एक जरा डावीकडे कललेली, दुसरी उजवीकडे, मधे चांगली फट. आणि वरून किंचित खोलगट, अंगठा टेकला की घसरू नये म्हणून. त्या बटणांवर चिकटवल्या. गेन्झोनं त्यांच्यावर अंगठे ठेवले, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. हेइसाकु उगाचच बाहेर जाऊन होडीचा तळ बघू लागला.

उन्हाळा त्यातच गेला. मी गेले की दारातूनच ऐकू यायचं, टक, मग कितीतरी वेळ काही नाही, मग टक. पहिलं धड वाक्य त्यानं लिहिलं ते जेवताना, ताट बाजूला सारून.

‘सूपमध्ये मीठ जास्त आहे.’

इत्सुकोनं ते वाचलं. तिचे डोळे भरून आले आणि आवाज मात्र चढला. “मग इतके महिने गप्प का बसलात?”

गेन्झोनं पुन्हा बोटं ठेवली. सावकाश लिहिलं, ‘आवाज नव्हता.’

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. मला नंतर म्हणाली, “मी तिथे रडले की हसले, मलाच आठवत नाही गं.”

पानं गळायला लागली तोवर तो बोलू लागला होता. हो, बोलू लागला असंच म्हणायला हवं. एका बुटक्या टेबलावर दोघांचे कीबोर्ड शेजारी शेजारी, खिडकीत सरोवर. तो लिहायचा, ती तोंडानं उत्तर द्यायची. कधी कधी तीही बोटांनीच उत्तर द्यायची, आणि मग खोलीत टोपलीत शिंपल्या ओतल्यासारखा नुसता आवाज भरून राहायचा. नुसत्या बोटाचा ठोका हलका, अंगठ्यासकटचा जाड. त्या हलक्या-जाड चालीवरून इत्सुकोला शेजारच्या खोलीत, पाठमोरी असतानाही कळायचं की नवरा आता चिडला आहे, की थट्टेवर आला आहे. “आवाज तोच आहे,” ती म्हणायची. “जरा खाली उतरलाय, इतकंच.”

एकदा त्यानं दोघांची नावं लिहून बघितली. इत्सुको, ह्या नावाला अंगठा लागतच नाही, तिन्ही अक्षरं नुसत्या बोटांची. गेन्झो म्हणायचं तर आधी उजवा अंगठा, शेवटी डावा.

‘तू हलकी आहेस,’ त्यानं लिहिलं. ‘मला उचलायला दोन्ही हात लागतात.’

“ते मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे,” ती म्हणाली.

मग त्याला सरोवरावर जायचं झालं. शिंपलेवाल्यांमध्ये चुळबुळ सुरू झाली, आणि संस्थेच्या कचेरीत बैठक बोलावली गेली. मिठाई माझ्या दुकानातून गेली होती, म्हणून मी चहाच्या किटलीपाशी होते. इत्सुकोनं कीबोर्ड आणि यंत्राचा पडदा टेबलावर मांडला. गेन्झो लिहिणार आणि ती मोठ्यानं वाचणार, असं ठरलं.

अध्यक्ष मोरिवाकी भला माणूस. म्हणाले, “गेन्झो-सान, राग मानू नका. धुक्यात आपण एकमेकांच्या हाकांवर असतो. तुम्ही हाक कशी देणार? आणि तोल जाऊन पडलात, तर पाणी सरळ...” त्यांनी स्वतःच्या गळ्याकडे बोट नेलं आणि पुढचं गिळलं.

गेन्झोची बोटं चालू झाली. इत्सुको वाचू लागली. “कमरेएवढ्या पाण्यापलीकडे मी जाणार नाही. आणि आजवर मी एकदाच पडलो आहे, तेही हेइसाकुनं ढकललं म्हणून.”

“ढकललं कुठे?” हेइसाकु उसळला. “तू प्यायलेला होतास!”

“प्यायलेला तू होतास,” इत्सुको वाचत होती. “तरी नेम चुकला नाही, ह्याचं मला कौतुक आहे.”

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, “गेन्झो, तुझा आवाज फार गोड झाला रे!”

ठोके पडले, आणि इत्सुकोनं जराही न हसता वाचलं, “तुझाही होईल. बायकोला बोलू दे.”

आता भिंतीसुद्धा हसल्या. क्षणभर सगळे विसरूनच गेले की त्या खोलीत गेन्झोचा आवाज नाही. सरोवरावरचा तोच तो गेन्झो तिथे बसला होता. पण मोरिवाकींनी हसू आवरलं आणि म्हणाले, “तरीही होडीत दुसरं माणूस हवं. हाक देणारं, आणि वेळ आली तर धरणारं. असं कोण आहे?”

प्रत्येकाची आपापली होडी होती. कुणी पायांकडे बघू लागलं, कुणी चहाच्या वाटीत. हेइसाकुनं तोंड उघडलं, पण त्याच्या होडीत त्याचा भाऊ असायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. गेन्झोचे अंगठे त्या लाकडी टोप्यांवर नुसते टेकलेले होते. मग त्यानं काहीतरी लिहिलं. इत्सुकोनं ते वाचून दाखवलं नाही. मला किटलीपासून पडदा दिसत होता. त्यावर होतं, ‘राहू द्या मग.’

ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग मान वर करून म्हणाली, “मी जाईन.”

गेन्झोनं चमकून पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि घाईघाईनं बटणं दाबली. इत्सुकोनं सवयीनं तेही वाचलं, “हे मी म्हटलेलं नाही.”

सगळ्या कचेरीत हशा पिकला. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, “हे मी म्हणाले.”

पहिल्या दिवशी ती होडीत बसली ती दोन्ही कडा धरून. तरंगायचं नारिंगी जाकीट हनुवटीपर्यंत आलेलं. होडीत कीबोर्ड कुठला? गेन्झो तिच्यामागे उभा राहिला आणि त्यानं तिच्या दोन्ही खांद्यांवर अंगठे ठेवले. डावा दाबला की डावीकडे हाक दे. उजवा दाबला की उजवीकडे. दोन्ही एकदम दाबले की गप्प राहून ऐक. हे त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. त्यानं दाबलं आणि तिला कळलं.

हाक मात्र जमेना. सगळा जन्म दुसऱ्यांचं ऐकण्यात गेलेली बाई, तिच्या घशातून निघाली ती एक बारीकशी म्याव. लांबून हेइसाकुचा आवाज आला, “कुणाचं मांजर पडलं रे पाण्यात?”

मग ती दुपारी बांधावर उभी राहून हाका मारायला शिकू लागली. मी बरोबर जायचे. ती हाक मारायची, समोरच्या बेटावरच्या पाइनवरून बगळे उडायचे. ती ओशाळायची, पुन्हा मारायची. गेन्झो गवतावर बसून मांडीवर अंगठे वाजवायचा, अजून, अजून मोठ्यानं.

एका धुक्याच्या सकाळीबद्दल तिनं मला कितीदा तरी सांगितलं आहे. मी कधी होडीत गेले नाही, तरी ती सकाळ मला स्वतःची असल्यासारखी आठवते. ती म्हणते, काठ गेला, बेट गेलं, मग होडीचं टोक गेलं. खाली पाणी की वर, ते कळेना. आपले हातसुद्धा कुणीतरी लांबून धरलेले वाटले. भीती वाटायला हवी होती, पण वाटायला जागाच उरली नव्हती. तिनं डोळे मिटले. आणि मिटल्याबरोबर सगळं जागच्या जागी आलं, टेप ऐकताना यायचं तसं. इकडे कुणाचं तरी दाताळं तळाला घासतंय. तिकडे कुणी खोकलं. पलीकडे दोघं जण भाताच्या डब्यांबद्दल बोलताहेत. खांद्यांवर नवऱ्याचे दोन अंगठे, ऊबदार, स्थिर. आणि त्या सगळ्यातून एका ओळखीच्या होडीच्या पोटाला लागणारं पाणी, चपक, चपक, जवळ येत चाललेलं, हाकेशिवाय.

तिच्या उजव्या खांद्यावर अंगठा दाबला गेला. गेन्झोनंही ऐकलं होतं.

“हेइसाकु-सान!” ती ओरडली. “वळवा! आम्ही इथे आहोत!”

ती म्हणते, तो आवाज कुठून आला ते मला माहीत नाही. धुक्यातून एक काळी कड वर आली, त्यांच्या होडीला हातभर अंतरावरून सरकत गेली आणि पुन्हा विरघळली. दाताळ्यावर वाकलेल्या हेइसाकुचं आणि त्याच्या भावाचंही वाहत चाललेल्या होडीकडे लक्षच नव्हतं. थोड्या वेळानं धुक्यातून त्याचा आवाज आला, जरासा कापरा. “इत्सुको-सान, उद्यापासून माझ्यासाठी पण तुम्हीच ओरडत जा.”

मांजराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

बरीच वर्षं ती दोघं बरोबर शिंपल्या काढत होती. तिचे खांदे उन्हानं रापले. टेपची कामं ती दुपारी करायची, आणि तिच्या केसांना सरोवराचा वास यायचा. तसले कीबोर्ड बनायचे थांबले तेव्हा तिनं फारसं मनावर घेतलं नाही. हेइसाकु तारा जोडून, बटणं घासून ते चालते ठेवायचा. पुढे गेन्झोचे गुडघे थकले आणि होडी हेइसाकुच्या भावाकडे गेली. ज्या दिवशी दिली त्या दिवशी गेन्झोनं काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र इतकं लिहिलं, इतकं लिहिलं, की इत्सुकोनं शेवटी कानांवर हात ठेवले.

गेल्या आठवड्यात मी गेले तर इत्सुकोनं दारातच ओठांवर बोट ठेवलं. गेन्झो खिडकीतल्या उन्हात आडवा झाला होता, पातळ रजई छातीपर्यंत. हात रजईत, फक्त दोन अंगठे काठावर बाहेर आलेले. आणि ते हलत होते. डावा, मग थांबून उजवा, मग पुन्हा उजवा. बाहेर सरोवर पांढरं पडलं होतं, कुठे संपतं ते दिसत नव्हतं.

“झोपेत बोलतात हल्ली,” ती कुजबुजली.

आम्ही दोघी बघत बसलो. चहा निवला.

“काय म्हणताहेत?” मी विचारलं.

तिनं जरा वाकून बघितलं, अंगठ्यांबरोबर तिचे ओठ हलले, मग ती पुन्हा मागे टेकली.

“बोटं रजईखाली आहेत ना,” ती म्हणाली. “अर्धंच कळतंय.”